उत्तर न देणारे विमान

विचारणा आणि उत्तर

ट्रान्सपॉन्डर ही विमानात बसवलेली, विचारल्या प्रश्नाला आपोआप उत्तर देणारी पेटी असते. जमिनीवरचे रडार १०३० मेगाहर्ट्झवर विचारणा करते आणि पेटी १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर धाडते. मोड ए प्रकारच्या उत्तरात चार अंकी कोड असतो, मोड सी त्यात उंची घालतो आणि मोड एस त्या विमानाचा जगात एकमेव असलेला पत्ताही कळवतो. कोडमधला प्रत्येक अंक ० ते ७ यांपैकीच असतो, त्यामुळे एकूण ४,०९६ कोड तयार होतात. त्यांतले तीन जगभर राखीव आहेत: ७५०० म्हणजे अपहरण, ७६०० म्हणजे रेडिओ बंद, ७७०० म्हणजे आणीबाणी.

या पेटीचे मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. रडारच्या पडद्यावर दिसणारा ठिपका आपल्या विमानाचा की शत्रूच्या, हे ओळखण्यासाठी तेव्हा अशी यंत्रे वापरात आली. पुढे नागरी वाहतुकीने ती उचलली आणि आज नियंत्रकाचे बहुतेक काम तिच्यावर चालते. प्राथमिक रडार विमानाच्या अंगावरून परतणारा प्रतिध्वनी टिपते. त्यातून अंतर आणि दिशा कळते, पण विमान कोणाचे आणि किती उंचीवर आहे हे कळत नाही. दुय्यम रडार प्रतिध्वनीची वाट पाहत नाही, ते उत्तराची वाट पाहते. एडीएस-बी या नव्या पद्धतीत विमान उपग्रहांकडून मिळालेले आपले स्थान स्वतःहून सेकंदाला सुमारे दोनदा प्रसारित करते. तिन्ही पद्धतींत फरक एवढाच की शेवटच्या दोन विमानाच्या सहकार्याशिवाय चालत नाहीत.

नियंत्रकाच्या पडद्यावर प्रत्येक ठिपक्याशेजारी एक छोटी पट्टी असते. तीत उड्डाणाचा क्रमांक, उंची, विमान चढते आहे की उतरते आहे हे दाखवणारा बाण आणि वेग असतो. ट्रान्सपॉन्डर बंद पडला की ही पट्टी जुनी होते आणि काही क्षणांत नाहीशी होते. जिथे फक्त दुय्यम रडार आहे तिथे ठिपकाही उरत नाही. विमान मात्र आकाशात तसेच पुढे जात असते.

उत्तर का थांबते

उत्तर थांबण्याची कारणे एका जातीची नसतात. यंत्र बिघडते, वीजपुरवठा खंडित होतो, वैमानिकाचा हात चुकून बटणावर जातो. कधी विमान इतके खाली असते की रडारची लहर त्याच्यापर्यंत पोचतच नाही. काही उडत्या वस्तूंवर ट्रान्सपॉन्डर कधी बसवलेलाच नसतो. क्वचित कोणीतरी तो जाणूनबुजून बंद करते. पडद्यावर या सगळ्यांचा परिणाम सारखाच दिसतो, म्हणून मौन पाहून हेतू ठरवता येत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. कागदपत्रे पूर्ण असणे म्हणजे हेतू शुद्ध असणे नव्हे. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात अँतोनोव्ह-२६ जातीच्या विमानातून शस्त्रांच्या पेट्या टाकल्या गेल्या. ते विमान चोरवाटेने आलेले नव्हते. रीतसर फ्लाइट प्लॅन देऊन ते वाराणसीला उतरले होते आणि शस्त्रे टाकून पुढे कोलकात्याला गेले होते. काही दिवसांनी ते पुन्हा भारताच्या हद्दीत आले, तेव्हा हवाई दलाच्या मिग-२१ विमानाने त्याला मुंबईत उतरायला भाग पाडले. विमानातले सहा जण पकडले गेले, पण कटाचा प्रमुख मुंबई विमानतळावरून निसटला. आकाशातली कारवाई नेमकी झाली, जमिनीवरची साखळी तुटली.

रडारची नजर यवतमाळवर कुठवर पोचते

यवतमाळ जिल्ह्यात नियमित प्रवासी सेवा असलेला विमानतळ नाही. यवतमाळ शहराजवळच्या भारी येथे औद्योगिक विकास महामंडळाने उभारलेली, जवाहरलाल दर्डा यांच्या नावाची धावपट्टी आहे. २००९ मध्ये नांदेड, लातूर, बारामती आणि उस्मानाबाद यांच्याबरोबर ती खासगी कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाड्याने देण्यात आली. जिल्ह्यावरून जाणारी विमाने बहुतेक नऊ-दहा किलोमीटर उंचीवरून जातात, आणि सर्वांत जवळचे मोठे नियंत्रण केंद्र नागपूरला आहे.

रडारची लहर सरळ रेषेत जाते आणि पृथ्वी गोल आहे. त्यामुळे अंतर वाढेल तसा जमिनीलगतचा पट्टा रडारच्या नजरेआड जातो. नागपूर विमानतळ ते यवतमाळ शहर हे सरळ अंतर सुमारे १२० किलोमीटर आहे. रडारचा अँटेना जमिनीपासून २० मीटर उंच आणि मधली जमीन सपाट धरली, तर यवतमाळवर सुमारे ६०० मीटरच्या खाली उडणारे विमान नागपूरच्या रडारला दिसणार नाही. पुसद सुमारे २०० किलोमीटरवर आहे, तिथे हाच पट्टा जवळजवळ २,००० मीटरपर्यंत चढतो. प्रत्यक्षात मध्ये यवतमाळचे पठार आणि डोंगररांगा आहेत, त्यामुळे काही दिशांना सावली आणखी वाढते.

याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. निवडणुकीच्या दिवसांत वणी, पुसद, दिग्रस अशा गावांत सभांसाठी तात्पुरती हेलिपॅड तयार होतात. तिथे उतरणाऱ्या हेलिकॉप्टरचा ट्रान्सपॉन्डर चालू असला, तरी शेवटच्या टप्प्यात त्याचे उत्तर नागपूरपर्यंत पोचेलच असे नाही. पडद्यावर ते हेलिकॉप्टर नाहीसे होते, आणि त्यात वैमानिकाचा काही दोष नसतो. म्हणून अशा उड्डाणांची वेळ, जागा आणि परवानगी यांची नोंद जिल्हाधिकारी कार्यालय व पोलिसांकडे आधीपासून असणे हाच त्यांच्या ओळखीचा खरा आधार ठरतो.

मौनाची किंमत

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरयाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्युशिन-७६ यांची टक्कर होऊन ३४९ जण मृत्युमुखी पडले. कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायला सांगितले होते आणि सौदी विमानाला १४,००० फुटांवर. कझाक विमान त्याच्या ठरलेल्या पातळीच्या खाली उतरले. दिल्लीच्या नियंत्रकाकडे तेव्हा प्राथमिक रडार होते, त्यामुळे पडद्यावर उंची दिसत नव्हती. या अपघातानंतर दिल्लीत दुय्यम रडार कामाला लागले, येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे केले गेले आणि टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा विमानांना सक्तीची झाली.

टीकॅसही ट्रान्सपॉन्डरवरच अवलंबून असते. आसपासच्या विमानांच्या पेट्यांना ती विचारणा करते आणि धोका दिसला की वैमानिकाला वर किंवा खाली जायला सांगते. समोरच्या विमानाची पेटी गप्प असेल तर टीकॅसच्या दृष्टीने ते विमान नसतेच. २९ सप्टेंबर २००६ रोजी ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या जंगलावर हेच घडले. एका छोट्या लेगसी जेटचा ट्रान्सपॉन्डर बराच वेळ बंद होता आणि ते वैमानिकांच्या लक्षात आले नव्हते. ३७,००० फुटांवर ते गोल कंपनीच्या बोइंग ७३७ ला धडकले. जेट कसेबसे उतरले, बोइंगमधले सर्व १५४ जण गेले. या घटनेत घातपाताचा लवलेश नव्हता.

उशिराची किंमत दोन घटनांत दिसते. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत अपहृत झालेल्या पहिल्या विमानाचा ट्रान्सपॉन्डर सकाळी ८ वाजून २१ मिनिटांनी बंद झाला. हवाई संरक्षण विभागाला खबर मिळाली ८:३७ नंतर, आणि ८:४६ ला विमान इमारतीवर आदळले. ८ मार्च २०१४ रोजी मलेशियाचे एमएच ३७० हे २३९ जणांना घेऊन निघालेले विमान क्वालालंपूरकडून हो चि मिन्ह केंद्राकडे सोपवले जात असताना १:२१ ला पडद्यावरून गेले. विमान कुठे आहे याची पहिली विचारपूस व्हायला पाव तासाहून अधिक वेळ गेला आणि शोध-बचाव केंद्र पहाटे साडेपाचला जागे झाले. लष्करी रडारवर विमान वळल्याची खूण उमटली होती, पण ते आपलेच असावे असे समजून कोणी पुढे विचारले नाही. दोन्ही ठिकाणी रडारपेक्षा दूरध्वनी उशिरा वाजला.

नियंत्रकाची पहिली पावले

उत्तर थांबल्यावर पहिले काम संशय घेण्याचे नसून बोलण्याचे असते. नियंत्रक रेडिओवर वैमानिकाला ट्रान्सपॉन्डर तपासायला सांगतो. प्रवासी विमानांत दोन संच असतात. एक बिघडला तर दुसरा चालू करता येतो. तोही चालत नसेल तर वैमानिक तोंडी स्थान आणि उंची कळवत राहतो. नियंत्रक आजूबाजूची विमाने दूर करतो, रडारच्या भरवशावर ठेवलेली जवळीक सोडून वेळेच्या आणि उंचीच्या मोठ्या अंतरावर येतो आणि पुढच्या केंद्राला आधीच सांगतो की हे विमान पट्टीशिवाय येते आहे. बहुतेक प्रकरणे इथेच मिटतात.

रेडिओही गप्प असेल तर प्रश्न गंभीर होतो. वैमानिकाला १२१.५ मेगाहर्ट्झ या आणीबाणीच्या कंप्रतेवर हाक दिली जाते, जवळच्या विमानांना संपर्क साधायला सांगितले जाते आणि विमान कंपनीच्या कार्यालयाला कळवले जाते. त्याच वेळी शोध-बचाव यंत्रणेच्या तीन अवस्थांचा क्रम सुरू होतो: अनिश्चितता, सावधगिरी आणि संकट. ठरल्या वेळेनंतर अर्ध्या तासात संपर्क झाला नाही तर अनिश्चिततेची अवस्था जाहीर करावी लागते. ही मुदत वाट पाहण्याची सवलत नव्हे, ती जास्तीत जास्त मर्यादा आहे.

हवाई दलाकडे प्रकरण केव्हा जाते

भारतात उड्डाणापूर्वी हवाई संरक्षण मंजुरीचा क्रमांक घेण्याची पद्धत आहे. नागरी नियंत्रण आणि हवाई दल यांच्यातला दुवा म्हणून मूव्हमेंट लायझन युनिट काम करते. हवाई दलाच्या पडद्यावर अनोळखी विमान दिसले की त्याचा मेळ फ्लाइट प्लॅनशी आणि मंजुरीच्या क्रमांकाशी घातला जातो. मेळ बसला नाही तरच लढाऊ विमान पाठवून प्रत्यक्ष पाहणी होते.

या पाहणीची जगभर मान्य झालेली भाषा आहे. लढाऊ विमान अनोळखी विमानाच्या डाव्या बाजूला, किंचित पुढे आणि वर येते, म्हणजे डाव्या आसनावरच्या मुख्य वैमानिकाला ते स्पष्ट दिसते. मग ते पंख डोलावते. त्याचा अर्थ: तुला अडवले आहे, माझ्यामागून ये. उत्तर म्हणून नागरी विमानानेही पंख डोलवायचे आणि मागे जायचे. लढाऊ विमानाने एखाद्या धावपट्टीवर घिरटी घालून चाके खाली सोडली तर तिथे उतरण्याचा तो हुकूम असतो. ते झटकन वळून वर निघून गेले तर वाट मोकळी आहे असे समजायचे. रेडिओ पूर्ण बंद असला तरी ही खूणभाषा चालते, म्हणून प्रत्येक वैमानिकाला ती पाठ असावी लागते.

शस्त्राचा प्रश्न सर्वांत शेवटी येतो. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकलेले कोरियाचे प्रवासी विमान सोव्हिएत हवाई दलाने पाडले आणि २६९ जण मेले. त्यानंतर १० मे १९८४ रोजी नागरी उड्डाणांविषयीच्या आंतरराष्ट्रीय शिकागो करारात कलम ३ बिस घालण्यात आले. उडत्या नागरी विमानाविरुद्ध शस्त्र वापरण्यापासून राष्ट्रांनी दूर राहावे आणि अडवताना आतल्या माणसांचे जीव धोक्यात घालू नयेत, असे ते कलम सांगते. भारताने २००५ मध्ये अपहरणविरोधी धोरण ठरवताना, विमानाचाच शस्त्र म्हणून वापर होत असेल तर ते पाडण्याची मुभा ठेवली. ती अपवादासाठी आहे, आणि ट्रान्सपॉन्डर बंद असणे एवढ्यावरून तो अपवाद सिद्ध होत नाही.

ट्रान्सपॉन्डर नसणे हीच ज्यांची रीत

यवतमाळच्या आकाशात कमी उंचीवर जे उडते त्यातल्या बहुतेकांवर ट्रान्सपॉन्डर नसतोच. २०१८ मध्ये पांढरकवडा-राळेगाव भागात टी-१ वाघिणीचा शोध चालला होता, तेव्हा वनविभागाने ड्रोन आणि पॅराग्लायडरही वापरले. २ नोव्हेंबरच्या रात्री ती वाघीण मारली गेली आणि मोहीम संपली. त्या काळात जंगलावर घिरट्या घालणारी ती साधने कोणत्याही नागरी रडारसाठी निनावीच होती. ती कोणाची हे जमिनीवरच्या नोंदींवरूनच कळण्यासारखे होते.

आता पऱ्हाटीवर औषध फवारणारे ड्रोन शेतात आले आहेत. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. त्या जिल्ह्यात पाठीवरचा पंप उतरवून धुऱ्यावर उभे राहून फवारणी करता येणे ही साधी सोय नाही. नमो ड्रोन दीदी योजनेतून महिला बचत गटांनाही असे ड्रोन दिले जात आहेत. फवारणीचा ड्रोन पिकाच्या दोन-तीन मीटर वरून फिरतो. त्याला विमानाचा ट्रान्सपॉन्डर लावणे निरर्थक ठरेल, कारण असे हजारो संच एकाच १०९० मेगाहर्ट्झवर बोलू लागले तर खऱ्या विमानांची उत्तरे त्या गलक्यात हरवतील.

म्हणून ड्रोनची ओळख वेगळ्या मार्गाने ठरवली आहे. जून २०२१ मध्ये जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनने स्फोटके टाकली गेली आणि २५ ऑगस्ट २०२१ रोजी देशाचे ड्रोन नियम जाहीर झाले. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत सूक्ष्म, २५ किलोपर्यंत लहान, १५० किलोपर्यंत मध्यम आणि त्यावर मोठे, असे वर्ग त्यात आहेत. ड्रोनची सरकारी प्रणालीवर नोंद करून विशिष्ट ओळख क्रमांक घ्यावा लागतो. आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल क्षेत्रांत वाटलेले आहे. हिरव्या क्षेत्रात सर्वसाधारणपणे ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, परवानगीशिवाय उडवता येते. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला ठरावीक भागात ९६ तासांपर्यंत तात्पुरते लाल क्षेत्र जाहीर करता येते. म्हणजे मान्यवरांची सभा, यात्रा किंवा दंगलसदृश परिस्थिती असताना आकाश बंद करण्याचा अधिकार जिल्ह्याच्या हातात आहे.

फुगे हा तिसरा वर्ग. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रातून ५० ते ८५ मीटर व्यासाचे हायड्रोजनचे फुगे वैज्ञानिक उपकरणे घेऊन ३० ते ४२ किलोमीटर उंचीवर जातात. उपकरणे रंगीत पॅराशूटने साधारण २०० ते ३५० किलोमीटरच्या टापूत उतरतात. पांढरकवडा हैदराबादपासून सरळ रेषेत सुमारे २९० किलोमीटरवर आहे. अशी वस्तू वावरात पडली तर तिला हात न लावता पोलिसांना कळवावे, असे संस्थेचे आवाहन असते. दुसरीकडे, २६ जानेवारी २०१६ रोजी राजस्थानात रडारवर दिसलेला एक अनोळखी फुगा हवाई दलाच्या सुखोई-३० विमानाने पाडला. फुगा बघून घाबरायचे नाही आणि गाफीलही राहायचे नाही, हे या दोन उदाहरणांत येते.

जिल्हा प्रशासनाने काय करावे

२ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भाच्या आकाशातून जळत्या ठिणग्यांची रांग सरकत गेली. लोकांना उल्का वाटली, विमान पेटले असेही वाटले. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे धातूचे मोठे कडे पडलेले सापडले. गावकऱ्यांनी पोलिसांना कळवले, महसूल आणि पोलीस खात्याने वस्तू ताब्यात घेतली आणि पुढे इस्रोच्या पथकाने येऊन ती तपासली. ते चिनी रॉकेटचे अवशेष असल्याचे तज्ज्ञांचे मत पडले. ओळख न देणाऱ्या वस्तूच्या बाबतीत गाव, ठाणे, तहसील आणि तज्ज्ञ अशी साखळी कशी चालावी, याचा हा चांगला नमुना आहे.

याउलट २०२४ च्या पावसाळ्यात बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर आणि पुणे जिल्ह्यांतील गावांत रात्री ड्रोन दिसत असल्याच्या बातम्या पसरल्या. चोर टेहळणी करतात अशी भीती बसली आणि लोक गस्त घालू लागले. अशा वेळी खरी माहिती लवकर न मिळाल्यास वाटसरूंना मार बसतो किंवा शेतकऱ्याचा फवारणीचा ड्रोन दगडांनी फोडला जातो.

पाहणाऱ्याने पाच गोष्टी टिपल्या तर पुढचे काम सोपे होते: नेमकी वेळ, कुठून कुठे गेले ती दिशा, दिव्यांचे रंग, आवाज आणि एका जागी थांबले का. विमानाच्या डाव्या पंखावर लाल, उजव्यावर हिरवा आणि मागे पांढरा दिवा असतो. ते एका चालीने सरळ जाते, हवेत थांबत नाही. ही माहिती ११२ वर किंवा पोलीस पाटलामार्फत ठाण्यात गेली, की ठाणेदाराने तीन ठिकाणी विचारावे: त्या वेळी विमान होते का हे नागपूरच्या नियंत्रण कक्षाला, परवानगी दिलेली उड्डाणे जिल्हाधिकारी कार्यालयाला आणि नोंदलेले ड्रोन कोणाचे हे ड्रोन नोंदणीच्या सरकारी प्रणालीवर व गावातल्या फवारणी करणाऱ्या गटांना. उत्तर मिळाले की ते त्याच रात्री गावाला सांगावे. उत्तर मिळाले नाही तर वस्तूवर गोळी किंवा दगड न चालवता ती उडवणारा माणूस शोधावा. ड्रोन हाती लागला तर तो न उघडता जप्त करावा, कारण त्याचा मार्ग त्याच्या स्मृतीत नोंदलेला असतो. स्फोटकाची शंका असेल तर बॉम्बशोधक पथकाखेरीज कोणी जवळ जाऊ नये.

जिल्ह्याचे आकाश यापुढे रिकामे राहणार नाही. १६ एप्रिल २०२५ पासून शेजारच्या अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून प्रवासी सेवा सुरू झाली आहे आणि तो यवतमाळ शहरापासून सरळ रेषेत जेमतेम ६५ किलोमीटरवर आहे. फवारणीचे ड्रोन दर हंगामात वाढत आहेत. नागपूरचे रडार यवतमाळवर ६०० मीटरच्या खाली पाहू शकत नाही, तिथे पाहणारे डोळे शेतकऱ्याचे, वनरक्षकाचे आणि गस्तीवरच्या पोलिसाचेच असतात. त्यांनी दिलेली खबर काही मिनिटांत योग्य माणसाच्या कानावर जावी, यासाठी जिल्ह्यातल्या प्रत्येक ठाण्याच्या भिंतीवर नागपूरच्या नियंत्रण कक्षाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असावा.